पौरुषग्रंथीचा आजार आणि दादासाहेब शेवडे यांचा सूक्ष्मदर्शक

डॉक्टर त्रिंबकराव शेवडे, म्हणजे आम्हा सर्वांचे दादासाहेब, यांची माझी पहिली भेट धारच्या राज्याच्या दवाखान्यात झाली. इंदूरच्या वैद्यकीय शाळेतून नुकताच बाहेर पडून मी त्यांचा साहाय्यक म्हणून रुजू व्हायला आलो होतो. टांग्यातून ट्रंक उतरवली तेव्हा दवाखान्याच्या आवारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ धोतराचा काचा मारून चुलीपुढे उकिडवे बसले होते. चुलीवर तांब्याचे पातेले होते आणि पातेल्यात चिमटे, सळया, सुया उकळत होत्या. मला वाटले, हे दवाखान्यातले नोकर असावेत. मी विचारले, "डॉक्टरसाहेब कुठे भेटतील?" ते उठले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तो मीच. हात धुतलेत का?"

माझे नाव त्यांनी त्यानंतर विचारले.

त्या दिवशी मनावर गावाकडचा एक शेतकरी आला होता. बसताना दुखते, लघवीला आग होते, कंबर धरते, अशी त्याची तक्रार. बोलताना तो मान वर करीत नव्हता. गावच्या वैदूने त्याला सुजाक झाल्याचे सांगितले होते आणि घरच्यांनी त्याची भाकरी वेगळी वाढायला सुरुवात केली होती. "डाक्टर साब, म्हारे से कई पाप वियो?" माझ्याकडून काय पाप घडले, एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारी. दादासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाप-पुण्याचं मला कळत नाही, भिया. पहिले देखने तो दे," असे आपल्या मराठी-हिंदी मिसळीत म्हणून त्यांनी त्याला तपासायला आत नेले. तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "रोग्याला दोष द्यायला डॉक्टर कशाला हवा? ते काम शेजारी आनंदानं करतात."

ज्यांना वैद्यकाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरुषांना मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक गाठ असते. इंग्रजी वैद्यकात तिला प्रॉस्टेट म्हणतात, दादासाहेब तिला पौरुषग्रंथी म्हणत. तिला सूज येऊन ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे ठसठसत राहिली की माणूस आतून पोखरला जातो. बाहेरून काही दिसत नाही, आणि सांगायला जावे तर जीभ रेटत नाही. त्या काळी बहुतेक डॉक्टर आणि झाडून सारे वैद्य या आजाराचे एकच कारण मानीत, परमा, म्हणजे हिंदीतला सुजाक आणि इंग्रजीतला गनोरिया. परमा म्हटला की बाहेरख्यालीपणा आलाच. तपासणीच्या आधीच निकाल लागलेला असे. दादासाहेबांचे म्हणणे असे होते, की परमा हे मोठे कारण आहे यात शंका नाही, पण ते एकमेव कारण आहे हे कोणी ठरवले? पू करणारे जंतू शरीरात आणखी पुष्कळ आहेत. आतड्यातले आहेत, गळवातले आहेत, क्षयाचे आहेत. त्यांना या गाठीत शिरायला कोणी मनाई केली आहे?

हे म्हणणे त्यांनी कसे तडीस नेले हे सांगण्यासाठी मला एका माणसाची हकीकत सांगावी लागेल. ते धारला शिक्षक होते. त्यांना मी या लेखात नुसते मास्तर म्हणणार आहे. त्यांची संमती घेऊनच लिहीत आहे. मी विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "नाव घालू नका, ते हिच्यासाठी. बाकी एक अक्षर गाळू नका."

मास्तर दवाखान्यात आले ते बायको माहेरी गेल्यानंतर. गेली म्हणण्यापेक्षा नेली. सासरे देवासचे, दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मोठ्या करारी स्वभावाचे. सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. जावयाला वाईट रोग जडला आहे अशी कुजबुज धारहून देवासला पोहोचली, आणि आबासाहेब स्वतः येऊन लेकीला घेऊन गेले. जाताना जावयाच्या घरचे पाणीही प्यायले नाहीत. मास्तरांना त्यापूर्वीपासूनच बसवत नव्हते. ते वर्गात उभ्यानेच शिकवीत, आणि मुलांना वाटे मास्तर फार कडक झाले आहेत. दादासाहेबांसमोर ते उभेच राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, मी काही केलेलं नाही. पण हे मी किती लोकांना सांगत फिरू?"

दादासाहेब म्हणाले, "मलाही सांगू नका. तुम्ही काय केलंत त्याच्याशी माझं काम नाही. या गाठीत कोण येऊन बसलंय ते मला बघू द्या."

ती तपासणी रोग्याला सोसायला कठीण असते. गुदद्वारातून बोटाने ग्रंथी दाबून तिच्यातला स्राव काढायचा, तो काचपट्टीवर पसरायचा, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. दादासाहेबांचा सूक्ष्मदर्शक पितळी होता, मुंबईहून आणवलेला. त्याला ते स्वतःखेरीज कोणाला हात लावू देत नसत. महिनाभराने मला परवानगी मिळाली तेव्हा मला मुंज झाल्यासारखे वाटले होते. परम्याचे जंतू जोडीजोडीने असतात, कॉफीच्या बियांसारखे समोरासमोर, आणि पुवाच्या पेशींच्या पोटात शिरून बसलेले दिसतात. मास्तरांच्या काचपट्टीवर पू भरपूर होता. जोड्या मात्र दिसेनात. दिसत होते ते काडीसारखे, आखूड, टोके गोल असलेले जंतू.

मी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे परमा नाही!"

"म्हणजे आज दिसला नाही," दादासाहेब म्हणाले. "उद्या पुन्हा बघू."

तो उद्या सबंध हिवाळा चालला. मास्तर शाळा सुटल्यावर येत, दात-ओठ खाऊन तपासणी सोसत आणि काही न विचारता जात. एकदा मात्र त्यांचा धीर सुटला. "अजून किती, डॉक्टर? तुम्हाला जे पाहिजे ते दिसलं ना?"

"मला काही पाहिजे नाही," दादासाहेब म्हणाले. "आणि मला काही पाहिजे असलं, तर तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेलं बरं."

जंतू वाढवून पाहण्यासाठी मोठ्या शहरांतून जी साधने असतात ती आमच्यापाशी कुठून असणार? दादासाहेबांनी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर ते वाढवले. थंडीत त्यांना ऊब हवी, म्हणून एका दुहेरी भांड्यात कोमट पाणी घालून खाली कंदील ठेवला आणि ते भांडे आपल्याच घरच्या कोठीत मांडले. त्यांच्या पत्नी उमाकाकू यांनी त्या काळात जे सोसले त्याचा गौरव वेगळ्या लेखात व्हायला हवा. एका एकादशीला त्यांनी मला अंगणात गाठून विचारले, "तुमचे साहेब काही सांगत नाहीत, तुम्ही तरी सांगा. यातला फराळाचा बटाटा कोणता आणि जंतूंचा कोणता?" त्या दिवसापासून त्यांच्या घरी उपासाला रताळी आली ती कायमची.

बटाट्यावर मळकट पिवळी साय धरली. आतड्यात नेहमी असणारे जंतू वाढतात तशीच ती होती, आणि प्रत्येक खेपेस तशीच येई. आता प्रश्न उरला, आतड्यातले जंतू या ग्रंथीत आले कोठून? दादासाहेबांनी मास्तरांना जुने आजार विचारायला घेतले. लहानपणापासूनचे सगळे विचारले. आणि एका संध्याकाळी मास्तरांना आठवले. काही वर्षांपूर्वी ते सोनकच्छला बहिणीकडे गेले असता त्यांना मुदतीचा ताप आला होता, तापात लघवी अडली होती, आणि तिथल्या जर्राहाने, म्हणजे शस्त्राची कामे करणाऱ्या न्हाव्याने, नळी घालून ती सोडवली होती. त्यानंतर काही महिन्यांनी हे दुखणे सुरू झाले.

दादासाहेब खुर्चीतून उठले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्यानं माझा जीव वाचवला होता, डॉक्टर. त्याच्याबद्दल तक्रार अशी मनातच आली नाही."

सुटी काढून, सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या बरोबर घेऊन, दादासाहेब आणि मी निघालो. धारहून इंदूर, तिथून मुंबई-आग्रा सडकेने देवास, पण देवासला न थांबता पुढे भोपाळच्या रस्त्याने सोनकच्छ. दादासाहेबांचा आग्रह होता की आधी जर्राहाला भेटायचे. मला वाटत होते, साहेब त्याची खरडपट्टी काढणार. जर्राह म्हातारे होते, अदबीने बोलणारे. धान्याच्या बाजारामागे त्यांची ओटी होती. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवले आणि आपली नळी दाखवली. धातूची, वाकडी, वापरून गुळगुळीत झालेली. "हुजूर, हर बार पोंछ के ही डालता हूँ," असे म्हणून त्यांनी कमरेचे फडके दाखवले.

दादासाहेबांनी ते फडके पाहिले आणि रागाचा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी चूल पेटवायला सांगितली, पातेले मागितले आणि नळी उकळायला घातली. पाणी उकळत होते तोवर त्यांनी म्हाताऱ्यांना आपला सूक्ष्मदर्शक जुळवून दिला आणि त्या फडक्याच्या धुवणाचा थेंब दाखवला. म्हातारे बराच वेळ डोळा लावून बसले. मग हळूच म्हणाले, "ये सब मेरे हाथ से गया होगा?"

"गया होगा, या नहीं भी गया होगा. मैं कह नहीं सकता," दादासाहेब म्हणाले. "पर आगे मत जाने दो. पोंछना काफ़ी नहीं है, मियाँजी. उबालो."

परत येताना मी विचारले, "तुम्ही त्यांना थेट का नाही सांगितलं, की हे तुमच्यामुळं झालं?"

"कारण ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "शक्यता आहे, आणि चांगली दाट आहे. पण आतड्यातले जंतू नळीवाचूनही तिथं पोहोचत असतील. त्या माणसानं त्या दिवशी नळी घातली नसती तर मास्तर मेले असते, हेही तितकंच खरं."

मग आम्ही देवासला आबासाहेबांकडे गेलो. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे घर होते. आबासाहेबांनी आमचे स्वागत केले, पाट-पाणी झाले, पण आम्ही कशासाठी आलो हे कळताच त्यांचा चेहरा बदलला.

"डॉक्टर, आपण जावयांचा दाखला घेऊन आला असाल तर तो परत न्या. आमची मुलगी त्या घरात पुन्हा जाणार नाही."

"मी चारित्र्याचा दाखला आणलेला नाही, आबासाहेब," दादासाहेब म्हणाले. "सूक्ष्मदर्शकातून चारित्र्य दिसत नाही. जंतू दिसतात. जे दिसलं ते सांगायला आलोय. ऐकायचं की नाही ते आपण ठरवा."

"आणि त्यात परम्याचे नाहीत, असंच ना?"

"सबंध हिवाळाभर पाहिलं. सापडले नाहीत. दुसरे सापडले, आणि दर वेळी तेच सापडले. ते कुणाही सज्जनाच्या, आपल्या आणि माझ्याही, पोटात असतात."

आबासाहेबांना हे वाक्य आवडले नाही. ते उठून येरझारा घालू लागले. तेवढ्यात माजघराच्या दारातून आवाज आला, "बाबा, मला ते पाहायचंय."

मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारात उभ्या होत्या. त्या काळी परक्या पुरुषांपुढे, आणि तेही अशा विषयावर, लग्न झालेल्या तरुण मुलीने बोलणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना सांगून कळणार नाही. आबासाहेब गर्रकन वळले. "तू आत जा."

"आयुष्य माझं आहे ना, बाबा? मग मी पाहते."

दादासाहेबांनी आबासाहेबांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी उजेडात मांडला, काचपट्टी बसवली आणि बाजूला झाले. आधी परम्याच्या एका रोग्याची काचपट्टी दाखवली, मग मास्तरांची. दोन्हींत फरक काय आणि कुठे पाहायचे ते सांगितले. वहिनींनी दोन्ही काचपट्ट्या पाहिल्या, पुन्हा मागून घेऊन पाहिल्या. मग पदर सावरीत त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांना तो रोग नक्की नाही?"

मी मनात म्हटले, आता हो म्हणा, दादासाहेब. एवढ्या एका शब्दासाठी आपण इथवर आलो.

दादासाहेब म्हणाले, "नक्की असं मी म्हणणार नाही, मुली. कधीकाळी असून गेला असेल, तर तेही मला आज दिसणार नाही. आज जे दुखतंय त्यात मला तो सापडला नाही, आणि मी शोधण्यात कसूर केलेली नाही. एवढंच मी शपथेवर सांगेन."

"आणि मला काही होईल?"

"या जंतूंनी तुम्हाला परम्यासारखा रोग जडेल असं मला वाटत नाही. तरी तुमची प्रकृती एखाद्या डॉक्टरीणबाईंकडून तपासून घ्यावी, असा माझा सल्ला आहे. इंदूरला सोय आहे."

 वहिनी वडिलांकडे वळून म्हणाल्या, "बाबा, हे डॉक्टर मला खोटं सांगून घेऊन जाऊ शकले असते. तसं केलं नाही. मी जाते. तुम्ही पाठवलंत म्हणून नाही, आणि यांनी सांगितलं म्हणूनही नाही. मी माझ्या विचारानं जाते."

 चार दिवसांनी लेकीला घेऊन आबासाहेब स्वतः धारला आले, आणि या खेपेस जावयाच्या घरी जेवून गेले.

मास्तरांवरचे उपचार पुढे बरेच दिवस चालले. कढत पाण्यात बसणे, ग्रंथी नियमाने दाबून तिच्यातला पू काढणे, लघवी स्वच्छ करणाऱ्या गोळ्या, आणि शेवटी त्यांच्याच जंतूंना उष्णतेने मारून केलेली लस. लसीचा प्रयोग त्या वेळी नवा होता, आणि दादासाहेबांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, हे मास्तरांना आजवर ठाऊक नाही. आता या लेखातून कळेल. मास्तर खुर्चीत बसून शिकवू लागले. दुखणे समूळ गेले असे म्हणता येणार नाही, थंडीत ते डोके वर काढी. लसीने गुण आला की कढत पाण्याने, असे कोणी विचारले तर दादासाहेब आजही म्हणतात, "मला माहीत नाही."

या प्रकरणाची बातमी पसरली आणि तिचा एक परिणाम असा झाला, की ज्यांना निर्दोष ठरायचे होते ते सगळे दादासाहेबांकडे येऊ लागले. त्यांत एक बडे मानकरी होते. त्यांच्या काचपट्टीवर पेशींच्या पोटात जोड्याच जोड्या होत्या. मला त्या एका दृष्टिक्षेपात दिसल्या. दादासाहेबांनी त्यांना स्वच्छ सांगितले आणि म्हणाले, "आपल्यावर उपचार करीन. पण घरच्या बाईसाहेबांनाही तपासलं पाहिजे. त्यांना हे आपल्याकडून गेलं असण्याचा संभव आहे."

मानकऱ्यांना निराळा शेरा लिहून हवा होता. मास्तरांना दिला अशी त्यांची समजूत होती, तसा. "त्या शाळामास्तराला सोडवलंत, आणि आम्हाला अडकवता?"

"मी कुणाला सोडवलं नाही," दादासाहेब म्हणाले. "जे होतं ते वाचून दाखवलं. आपलंही तेच केलं."

त्यानंतर त्यांच्यावर जे दडपण आले त्याचे तपशील मी लिहीत नाही, कारण त्यांनीच कधी उच्चारले नाहीत. एका सकाळी त्यांनी राजीनामा दिला, आणि उमाकाकू सामान बांधताना मला म्हणाल्या, "त्यांचा हट्ट मला ठाऊक होता हो. मी तर पातेली आधीच घासून ठेवली होती." देवासला येऊन त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. त्या बाईसाहेब पुढे गुपचूप उपचारासाठी देवासला येत असत, आणि बऱ्या झाल्या, एवढे मात्र मी लिहितो.

देवासच्या या दवाखान्याशी आपणांपैकी अनेकांचा परिचय आहे. बागलीचे भिल्ल, सोनकच्छचे शेतकरी, देवासच्या थोरल्या-धाकट्या दोन्ही पात्यांचे, म्हणजे राजघराण्यांचे, सरदार, सगळे एकाच बाकावर बसतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. ज्या दुखण्याचे नाव पूर्वी कोणी घेत नसे, त्यासाठी माणसे आता दिवसाढवळ्या, ओळखीच्या लोकांदेखत दवाखान्याची पायरी चढतात. मला विचाराल तर दादासाहेबांचे सगळ्यांत मोठे काम हेच.

दादासाहेबांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले तेव्हा आम्ही काही मंडळी त्यांची परवानगी मागायला गेलो. ते प्रथम नाहीच म्हणाले. फार आग्रह झाला तेव्हा म्हणाले, "माझ्या परोपकारावर वगैरे लिहिणार असाल तर नको. पौरुषग्रंथीवर लिहा. नाव मोठ्या अक्षरांत छापा. घरी बसून कण्हणारा एखादा ते वाचेल आणि डॉक्टरकडे जाईल, म्हणजे माझा सत्कार झाला." मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. छापखान्याच्या मालकांनाही संकोच वाटला. पण दादासाहेब हटले नाहीत, आणि म्हणून या लेखाचा मथळा आपण वाचला तो असा आहे.

हल्ली त्यांना एका प्रश्नाने घेरले आहे. असे कित्येक रोगी येतात, की ज्यांना तेच दुखणे आहे, तीच आग, तीच ठसठस, आणि काचपट्टीवर मात्र काहीच दिसत नाही. बटाट्यावरही काही उगवत नाही. मी म्हणतो, जिथे जंतू नाहीत तिथे रोग मनाचा असेल. ते माझ्याकडे रागाने पाहतात. "आपल्याला दिसत नाही, याचा दोष रोग्यावर टाकायचा? आपल्या भिंगाला पकडता येत नाहीत असे बारीक जंतू असतील. किंवा जंतूच नसतील, दुसरंच काही असेल. बघितलं पाहिजे." आणि साठ वर्षांचे ते गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकतात.

या कामाला काही वर्षे पुरणार नाहीत, काही तपेच लागतील. तेव्हा त्यांच्या शिष्याची, आणि धार-देवासच्या असंख्य बऱ्या झालेल्या व अजून बरे व्हायच्या राहिलेल्या माणसांची, एवढीच प्रार्थना आहे, की दादासाहेबांची दृष्टी निर्मळ राहो, हात स्थिर राहो, उमाकाकूंची साथ अखंड राहो, आणि ज्या दिवशी त्या रिकाम्या काचपट्टीचे उत्तर कोणाला सापडेल, त्या दिवशी ते तपासून पाहायला आणि "पुन्हा एकदा बघा" असे त्याला सांगायला दादासाहेब शेवडे धडधाकट हजर असोत.